घरचा डेव्हलपर: बाटल्या कमी, पुड्या जास्त

घरी बनवलेल्या डेव्हलपरमध्ये (फिल्मवरचं चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) धुतलेली ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म कोरी निघाली की आधी तिच्या कडेचे आकडे पाहा. कडेचे आकडे आणि अक्षरं ठसठशीत काळी आहेत आणि फक्त चौकटी रिकाम्या आहेत, तर फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही, कॅमेरा तपासा. आकडेसुद्धा उमटले नसतील, तर एक तर डेव्हलपर निकामी होता, नाहीतर घाईत टँकमध्ये डेव्हलपरच्या आधी हायपो (उमटलेलं चित्र पक्कं करणारं द्रावण) ओतला गेला. आकडे फिकट असतील तर डेव्हलपर अर्धामुर्धा जिवंत होता. घरी बनवलेल्या डेव्हलपरची दुखणी तीनच ठिकाणी सुरू होतात: चुकीची पावडर, चुकीचा क्रम, नाहीतर जुनी बाटली.

इंदूरच्या हवेत यात भर पडते. एप्रिल-मे-जूनमध्ये खोलीचं तापमान ३५ अंशांच्या वर जातं, पावसाळ्यात पावडरींना ओल धरते आणि डिसेंबरच्या रात्री दाट द्रावणांत खडे बसतात. परदेशी पुस्तकांत दिलेल्या टिकण्याच्या मुदती २० अंशांच्या आसपासच्या खोलीसाठी असतात. म्हणून इथे एक नियम सोयीचा: द्रव साठवायचा नाही, वजन केलेल्या कोरड्या पुड्या साठवायच्या आणि लागेल तेव्हा एकच लिटर विरघळवायचं. पुढचं सगळं याच हिशेबाने दिलं आहे.

उदाहरणासाठी डी-७६ हा कोडॅकचा फिल्म-डेव्हलपर घेतला आहे. एक लिटरसाठी त्याची मापं अशी:

मेटॉल: २ ग्रॅम
सोडियम सल्फाईट, निर्जल: १०० ग्रॅम
हायड्रोक्विनोन: ५ ग्रॅम
बोरॅक्स (टाकणखार), दाणेदार: २ ग्रॅम
पाणी: एकूण १ लिटर होईल इतकं

पहिल्यांदाच बनवत असाल तर डी-२३ घ्या. त्यात दोनच पावडरी आहेत: मेटॉल ७.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाईट १०० ग्रॅम, एक लिटरला. चुकायला जागा कमी. फक्त मेटॉल जास्त लागतं आणि या यादीत महाग तेच आहे.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी नावं पक्की करा

निम्म्या चुका काउंटरवरच होतात. सल्फाईट आणि सल्फेट ही नावं इतकी जवळची आहेत की फोनवर ऑर्डर दिली तर भलतीच पावडर हमखास हाती पडू शकते. सोडियम सल्फेट डेव्हलपरमध्ये काहीच काम करत नाही. म्हणून चिठ्ठीवर कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, लिहून न्या. निर्जल सोडियम सल्फाईटचा ७७५७-८३-७, तर सोडियम सल्फेटचा ७७५७-८२-६. मेटॉलचा ५५-५५-०. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, खड्यांच्या रूपातला, त्याचा १०१०२-१७-७. डब्यावर हा नंबर छापलेला असतो. पैसे देण्याआधी जुळवून पाहा.

दुसरी गोष्ट पाण्याची. बऱ्याच पावडरींच्या कणांत पाणी अडकलेलं असतं, आणि एकाच नावाची पावडर दोन-तीन रूपांत मिळते. वजन रूपाप्रमाणे बदलतं:

सोडियम सल्फाईट: निर्जल १०० ग्रॅमऐवजी खडेदार (हेप्टाहायड्रेट) मिळालं तर बरोबर दुप्पट, २०० ग्रॅम.
सोडियम कार्बोनेट: निर्जल १०० ग्रॅम म्हणजे मोनोहायड्रेट ११७ ग्रॅम, आणि मोठ्या पारदर्शक खड्यांचा धुण्याचा सोडा २७० ग्रॅम.
हायपो: खडे २४० ग्रॅम म्हणजे निर्जल पावडर १५३ ग्रॅम.
बोरॅक्स: नेहमीचा (डेकाहायड्रेट) २ ग्रॅम म्हणजे पेंटाहायड्रेट १.५ ग्रॅम.

बोरॅक्स इंदूरच्या सियागंज बाजारातल्या किराणा-पन्सारी दुकानातही ‘सुहागा’ म्हणून मिळेल. तो फुलवलेला, म्हणजे तव्यावर भाजून लाहीसारखा केलेला, नाही ना ते विचारा. फुलवलेल्यातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे त्याचं वजन या मापांना लागू होत नाही. केमिकलच्या दुकानातली पाकीटबंद पावडर दोन पैशांनी महाग पडली तरी इथे तीच घ्यावी. प्रत साधी ‘एलआर’ (प्रयोगशाळेची नेहमीची) पुरते. ‘एआर’वर (त्याहून शुद्ध, महाग प्रतीवर) पैसे घालवण्याचं कारण नाही. सल्फाईट मात्र पाच किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, ५०० ग्रॅमचे डबे घ्या. उघडलेलं सल्फाईट हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू सल्फेट होत जातं आणि दिसायला जराही बदलत नाही.

## टप्पा २: पावडर घरी आल्यावर तपासा

तपासणीला पीएच पेपरची पट्टी, टिंक्चर आयोडीन आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ऍसिड, एवढंच लागतं. चिमूटभर पावडर अर्ध्या कपाहून कमी पाण्यात विरघळवून पाहा.

सल्फाईट: आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. रंग क्षणात उडाला तर सल्फाईट आहे. तपकिरी रंग तसाच राहिला तर हाती सल्फेट आलं आहे. हायपोही आयोडीनचा रंग उडवतो, म्हणून दुसरी तपासणी करा: वेगळ्या कपात त्याच द्रावणात लिंबूसत्त्वाचं पाणी घाला. द्रावण स्वच्छ राहून जळत्या काडेपेटीसारखा झणझणीत वास आला तर सल्फाईट. काही मिनिटांत दुधाळ झालं तर हायपो.

सल्फाईट की मेटाबायसल्फाईट: पीएच पेपर सांगेल. सल्फाईट ९ च्या जवळ, मेटाबायसल्फाईट ४ च्या जवळ.

कार्बोनेट की खाण्याचा सोडा: कार्बोनेट ११ च्या वर, खाण्याचा सोडा ८ च्या थोडा पुढे. दोन्ही ऍसिडमध्ये फसफसतात, त्यामुळे फेसावर विसंबू नका.

मेटॉल पांढरं किंवा किंचित करडं चालतं, तपकिरी नको. हायड्रोक्विनोनच्या सुया पांढऱ्या असाव्यात. हलकी बदामी झाक चालेल, गडद झालेलं परत करा.

सावधान: वास घेताना नाक कपावर नेऊ नका, हाताने हवा आपल्याकडे ओढा. तो वायू सल्फर डायऑक्साईड आहे. घरात कोणाला दमा असेल तर ही तपासणी गच्चीवर करा.

आयोडीनची तपासणी सल्फाईट आहे की नाही एवढंच सांगते, किती उरलं आहे ते नाही. म्हणून डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि दोन पावसाळे पाहिलेलं सल्फाईट डेव्हलपरला वापरू नका.

## टप्पा ३: काटा, आणि पुड्या बांधणं

सराफ्यात दागिन्यांसाठी चालतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा पुरेसा आहे. किचनचा १ ग्रॅमचा काटा सल्फाईटला चालेल, मेटॉलला नाही. २ ग्रॅम मेटॉलमध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे पंचवीस टक्के; १०० ग्रॅम सल्फाईटमध्ये दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर फिल्मला कळणारही नाही. काळजी कुठे खर्च करायची ते यावरून ठरवा. चमच्याने मोजण्याचं तर नावच नको, कारण हलकं फुललेलं मेटॉल आणि दाबलेलं मेटॉल एकाच चमच्यात फार वेगळं भरतं.

काटा बरोबर आहे का? मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, काट्यावर वाटी ठेवून शून्य करा आणि १० मिली डिस्टिल्ड वॉटर सोडा. आकडा ९.९ ते १०.१ च्या आत हवा. असले काटे अर्ध्या ग्रॅमखाली लहरीपणा करतात. त्यामुळे पोटॅशियम ब्रोमाईडसारखी थोडी लागणारी वस्तू वजन करून घालण्यापेक्षा तिचं १० टक्के द्रावण करून ठेवा: १० ग्रॅम, पाणी घालून एकूण १०० मिली. मग २ ग्रॅम म्हणजे २० मिली. ब्रोमाईडचं द्रावण खराब होत नाही.

पुड्या कोरड्या दिवसात बांधा. इंदुरात नोव्हेंबर ते मे कधीही. जुलैत बांधू नका. पंखा बंद करा, खिडकी उघडी ठेवा. पंख्याखाली उडालेली हायड्रोक्विनोनची धूळ नंतर ओल्या फिल्मवर किंवा कागदावर काळे ठिपके होऊन बसते, आणि ते ठिपके कुठून आले हे कधीच उमगत नाही. म्हणून वजन करण्याची जागा आणि फिल्म वाळत घालण्याची जागा एक नको.

१. नायट्राईलचे हातमोजे आणि मास्क घाला. मेटॉलने काहींच्या हाताला खाज आणि पुरळ येतं, आणि एकदा ते सुरू झालं की पुढे थोड्या संपर्कानेही उठतं.

२. बटर पेपरचा चौकोन काट्यावर ठेवून शून्य करा. प्लास्टिकला मेटॉल चिकटतं, कागदावरून ते सरळ घसरतं.

३. प्रत्येक पावडरची वेगळी पुडी करा आणि विरघळवण्याच्या क्रमाने आकडे घाला: १ मेटॉल, २ सल्फाईट, ३ हायड्रोक्विनोन, ४ बोरॅक्स. चारही पावडरी एकत्र करून ठेवू नका. कारखान्यातल्या पाकिटात ते जमतं, घरच्या ओलसर हवेत नाही.

४. चार पुड्यांचा एक संच झिपच्या पिशवीत, असे चार-सहा संच घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि बरणीत सिलिका जेल.

बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘विष – फोटोचं केमिकल’ लिहा. ती स्वयंपाकघरात ठेवायची नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही. टाकणखार आणि सल्फाईट दिसायला मीठ-साखरेहून वेगळे नसतात.

## टप्पा ४: पाणी

बोअरिंगचं पाणी घेऊ नका. माळव्याच्या काळ्या पाषाणातलं हे पाणी जड असतं. सल्फाईट किंवा कार्बोनेट पडताच त्यातला कॅल्शियम पांढरा साका होऊन खाली बसतो. नळाला येणारी नर्मदा त्या मानाने बरी, पण तीही तशीच वापरू नका. पाच मिनिटं खळखळून उकळा, झाकून निवू द्या, आणि तळचं थोडं पाणी सोडून वरचं अलगद ओतून घ्या. उकळल्याने क्लोरीन जातो, थोडा जडपणा खाली बसतो आणि विरघळलेली हवाही बाहेर पडते. शेवटचा फायदा डेव्हलपरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे.

घरच्या आरओचं पाणी असेल तर प्रश्नच मिटतो. तेही एकदा उकळून घ्या. इन्व्हर्टरवाल्याकडचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन चालतो. मात्र त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ऍसिडही मिळतं, तेव्हा लेबल वाचून घ्या आणि घरी आल्यावर पीएच पट्टी बुडवून खात्री करा.

बोअरिंगशिवाय पर्याय नसेल तर सगळ्यात आधी लिटरला १ ते २ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट विरघळवा. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा जाड प्लास्टिकचं. ऍल्युमिनियम, म्हणजे घरात ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतात ते, तसंच तांबं आणि पितळ वर्ज्य: ऍल्युमिनियमला अल्कली खाते, आणि तांब्याचा अंश डेव्हलपर लवकर बिघडवतो. एकदा या कामाला लावलेलं भांडं पुन्हा ओट्यावर जाणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

## टप्पा ५: विरघळवणं

हवं आहे ५० अंशांचं ७५० मिली पाणी. नुकतं उकळलेलं २५० मिली आणि आधी उकळून निववलेलं ५०० मिली एकत्र केलं की साधारण तिथेच पोचतं. थर्मामीटर लॅबचा, ११० अंशांपर्यंतचा घ्या. तापाचा थर्मामीटर ४२ च्या पुढे जात नाही. ६० च्या वर पाणी नको, मेटॉल लगेच काळवंडू लागतं. फार गार पाण्यात पावडरी विरघळायला वेळ लागतो.

१. पुडी २ मधली चिमूटभर, साधारण १ ग्रॅम, सल्फाईट पाण्यात टाका आणि विरघळू द्या. हे पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेतं.

२. पुडी १, मेटॉल. काचेच्या कांडीने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने सावकाश ढवळा. दोनेक मिनिटांत पाणी पूर्ण स्वच्छ दिसलं पाहिजे. कागदाला चिकटलेले कण त्याच पाण्याने धुऊन घ्या.

थांबा, तपासा: भांडं उजेडात धरून पाहा. एकही कण तरंगत नसेल तरच पुढे जा.

३. पुडी २ मधलं उरलेलं सल्फाईट, थोडं थोडं, ढवळत राहून. सगळं एकदम ओतलं तर तळाला दगडासारखी वडी बसते आणि ती फोडायला अर्धा तास जातो.

४. पुडी ३, हायड्रोक्विनोन.

५. पुडी ४, बोरॅक्स.

६. थंड पाणी घालून १ लिटर करा. झाकून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शक्य तर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा.

क्रम असा का? मेटॉल दाट सल्फाईटच्या पाण्यात नीट विरघळत नाही. आधी १०० ग्रॅम सल्फाईट टाकून मग मेटॉल टाकलं तर पांढरे पापुद्रे तरंगू लागतात. हे पापुद्रे म्हणजे मेटॉलच आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे द्रावण गाळणं. गाळलं की डेव्हलपरचा अर्धा जीव गाळण्यात राहतो आणि पुढचे तीन रोल फिकट निघतात. त्याऐवजी भांडं गरम पाण्याच्या टबात ठेवून ५० अंशांवर धीराने ढवळत राहा; बहुतेक वेळा विरघळतं. नाहीच विरघळलं तर टाकून द्या.

उलट, सल्फाईटशिवाय मेटॉल किंवा हायड्रोक्विनोन पाण्यात फार वेळ राहिलं तर हवेने खराब होतं. म्हणून ती आधीची चिमूट. चिमटीऐवजी मूठभर टाकलं तर मूळचाच त्रास परत येतो.

रवीने घुसळू नका, बाटलीत घालून हलवू नका, मिक्सरचा तर विचारही नको. फेस दिसला म्हणजे तुम्ही स्वतःच हवा कालवत आहात.

बनवताना दिसणाऱ्या खुणा:

द्रावण बघता बघता पिवळं, मग तपकिरी होत गेलं: सल्फाईट खराब आहे किंवा ते सल्फेट आहे. पुढच्या पुड्या वाया घालवू नका.

सल्फाईट पडताच पांढुरकं झालं आणि रात्रीतून तळाला मऊ साका बसला: जड पाणी. वरचं स्वच्छ द्रावण ओतून घ्या, हवं तर कॉफी फिल्टरमधून गाळा. हे गाळलेलं चालतं, कारण तो चुना आहे. मेटॉलचे पापुद्रे मेटॉल टाकताक्षणी दिसतात, चुन्याचा साका सल्फाईट किंवा सोडा पडल्यावर. कधी दिसला ते लक्षात ठेवलं की घोटाळा होत नाही.

कागदावरच्या प्रिंटसाठी डी-७२ बनवत असाल तर क्रम तोच, शेवट वेगळा: मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सल्फाईट ४५, हायड्रोक्विनोन १२, मग निर्जल सोडियम कार्बोनेट ६८ ग्रॅम चार-पाच वेळा करून, आणि शेवटी ब्रोमाईडच्या १० टक्के द्रावणाचे २० मिली. वापरताना एक भाग द्रावणाला दोन भाग पाणी. ट्रेमध्ये ओतलेला त्याच दिवशी टाकायचा, परत बाटलीत भरायचा नाही.

## टप्पा ६: बाटल्या

डेव्हलपरचा खरा शत्रू उजेड नव्हे, हवा. बंद कपाटात पारदर्शक बाटलीही चालते. अर्धी भरलेली तपकिरी बाटली मात्र चालत नाही.

एक लिटर एका बाटलीत ठेवू नका. २५० मिलीच्या चार बाटल्या करा आणि तोंडापर्यंत, कडेला थेंब येईल इतक्या भरा. एक बाटली उघडली की ती त्याच दिवशी पूर्ण वापरायची. हा हिशेब फिल्मशीही जुळतो: डी-७६ एकास एक पातळ करून वापरताना ३६ चौकटींच्या रोलला साधारण २४० मिली मूळ द्रावण लागतं. २५० मिली बाटली, २५० मिली पाणी, ५०० मिलीचा टँक, एक रोल. ३०० मिलीच्या छोट्या टँकमध्ये एकास एक केलं तर मूळ द्रावण १५० मिलीच पडतं. तिथे वेळ दहा टक्के वाढवा, नाहीतर दोन रिळांच्या टँकमध्ये एकच भरलेलं रीळ खाली आणि रिकामं वर ठेवा.

काचेची बाटली उत्तम, झाकणात रबर किंवा प्लास्टिकचा वायसर असलेली. पीईटी प्लास्टिक त्याच्या खालोखाल. दुधी रंगाचे मऊ एचडीपीईचे डबे हवा आत सोडतात. त्यांत हायपो ठेवा, डेव्हलपर नको. अर्धी बाटली उरलीच तर धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी तोंडापर्यंत आणा. पीईटीची बाटली दाबून हवा काढण्याची युक्ती सांगितली जाते, पण ती बाटली पुन्हा फुगायला पाहते आणि फिरकीच्या झाकणातून हवा ओढते. गोट्या बऱ्या.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या फुकट मिळतात म्हणून वापरू नका. मे महिन्यात बाहेरून आलेला माणूस बाटली उचलून तोंडाला लावतो, लेबल वाचत नाही.

लेबलवर चार गोष्टी: नाव, मूळ की पातळ केलेलं, बनवल्याची तारीख, कोणत्या डब्यातल्या सल्फाईटचं. मार्करने लिहून वर पारदर्शक टेप. शेवटची नोंद निरर्थक वाटेल, पण दोन बाटल्या ओळीने बिघडल्या की डबा तीच पकडून देते.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही, गच्चीखालच्या खोलीत नाही. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. फ्रिजमध्येही नाही: थंडीने द्रावणातून खडे बाहेर पडू शकतात, आणि फ्रीज अन्नाचा आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बाटल्या मातीच्या कुंडीत ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर तापमान चांगलंच उतरतं. पावसाळ्यात याचा उपयोग नाही, हवेतच ओल असते.

डी-७६ च्या मूळ द्रावणाची कोडॅकने दिलेली मुदत तोंडापर्यंत भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने आणि अर्ध्या बाटलीत दोन महिने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती धरून चाला. उन्हाळ्यात तिच्या अर्ध्याहून जास्त भरवसा ठेवू नका.

डी-७६ चा आणखी एक स्वभाव आहे. ठेवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो मंद होण्याऐवजी थोडा तेज होतो, कारण हायड्रोक्विनोन आणि सल्फाईटच्या प्रक्रियेत अल्कली सुटते आणि पीएच वर सरकतो. महिन्याभराच्या बाटलीत निगेटिव्ह जास्त दाट आली तर घड्याळाला दोष देऊ नका. हे टाळायचं असेल तर बोरॅक्स २ ऐवजी ८ ग्रॅम आणि त्याच्या जोडीला बोरिक ऍसिड ८ ग्रॅम घाला. पीएच जागेवर राहतो.

द्रावण करून काय ठेवता येतं: ब्रोमाईड, बोरॅक्स, कार्बोनेट. काय ठेवायचं नाही: नुसतं सल्फाईट आणि नुसतं मेटॉल. कार्बोनेटचं २० टक्के द्रावण डिसेंबरात तळाशी खडे धरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की परत विरघळतं. खडे तसेच ठेवून वरचं पाणी मोजून घेतलं तर माप चुकतं. कार्बोनेटला काचेचं बूच लावू नका, ते कायमचं अडकतं.

## टप्पा ७: फिल्म टाकण्याआधीची तपासणी

ताजा डी-७६ पाण्यासारखा किंवा जेमतेम पिवळसर असतो. चहाच्या रंगाचा झाला की टाका. पण रंग स्वच्छ आहे म्हणून डेव्हलपर चांगला, असा उलटा अर्थ काढू नका.

खात्रीची तपासणी फिल्मच्या जिभेची. कॅमेऱ्यात अडकवण्यासाठी बाहेर असलेला तुकडा प्रकाश खाऊन बसलेलाच असतो. त्याचा बोटभर तुकडा भर उजेडात, टँकमध्ये जाणार असलेल्या द्रावणात, ठरलेल्या तापमानाला आणि ठरलेल्या वेळेपुरता बुडवा. तो गडद काळा, आरपार न दिसणारा व्हायला हवा. ताज्या द्रावणात केलेला एक तुकडा हायपो करून, धुऊन, वाळवून वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी त्याच कंपनीच्या फिल्मचा तुकडा त्याच्याशेजारी धरून पाहा. करडा निघाला तर बाटली मोरीत.

तापमानाची गोष्ट इथेच. उन्हाळ्यात २० अंश गाठण्यासाठी बर्फाशी झगडण्यापेक्षा वर्षभर २४ अंश हे एकच तापमान ठरवून घ्या. डी-७६ ला २० अंशांवर १० मिनिटं लागत असतील तर २४ वर साधारण ७. बर्फ टबातल्या पाण्यात टाका, डेव्हलपरमध्ये नाही. वेळ ५ मिनिटांच्या खाली जाईल असं काही करू नका, फिल्मवर पट्टे उमटतात. हायपो आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवा. डेव्हलपर २४ वर आणि नळाचं पाणी ३४ वर असेल तर फुगलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात.

## टप्पा ८: स्टॉप आणि हायपो, पण शेवटी

ज्या दिवशी दोन्ही बनवायचं असेल त्या दिवशी डेव्हलपर आधी, त्याच्या बाटल्या बंद करून बाजूला, मगच हायपोचा डबा उघडा. कांडी, नरसाळं, मोजपात्र वेगळं, शक्य तर वेगळ्या रंगाचं. डेव्हलपरमध्ये थोडा जरी हायपो मिसळला तर निगेटिव्हवर दुरंगी धुकं चढतं: परावर्तित उजेडात हिरवट, आरपार पाहिलं तर गुलाबी.

स्टॉपसाठी, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणासाठी, लिंबूसत्त्व १५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. ताजं करा, उरलेल्याला बुरशी येते. फिल्मला नुसत्या पाण्याच्या दोन धुण्यांनीही काम भागतं.

हायपोची साधी, भरवशाची कृती एफ-२४: हायपोचे खडे २४० ग्रॅम, निर्जल सल्फाईट १० ग्रॅम, सोडियम मेटाबायसल्फाईट २५ ग्रॅम, एकूण एक लिटर. ५०० मिली पाणी ५० अंशांवर घ्या, कारण खडे विरघळताना पाणी गारठतं. कोमट पाण्याने सुरुवात केली तर अर्धे खडे तळाशी राहतात. हायपो पूर्ण विरघळला की सल्फाईट, आणि द्रावण निवल्यावरच मेटाबायसल्फाईट.

सावधान: सल्फाईट पडण्याआधी किंवा गरम द्रावणात आम्ल पडलं तर गंधक सुटून हायपो दुधाळ होतो. तो गाळून वापरता येत नाही. उन्हाळ्यात ठेवलेल्या बाटलीतही असे पिवळट कण दिसले तर टाकून द्या.

तपासणी जिभेच्या तुकड्यानेच, या वेळी डेव्हलप न केलेल्या. ताज्या हायपोत तो किती सेकंदांत पारदर्शक होतो ते बाटलीवर लिहा. तोच वेळ दुप्पट झाला की हायपो संपला. फिल्म मात्र पारदर्शक व्हायला लागतो त्याच्या किमान दुप्पट वेळ ठेवायची.

## टप्पा ९: वापरलेलं टाकताना

वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये सोडता येतो, सेप्टिक टँक असेल तर नाही. कुंडीत, बोअरिंगजवळच्या जमिनीत ओतू नका. स्टॉपचं ऍसिड त्याच्यात कालवून बंद मोरीत ओतू नका, सल्फर डायऑक्साईड सुटतो. फाटके मोजे, पुड्यांचे कागद, रिकामे डबे सुक्या कचऱ्यात नकोत. महापालिकेच्या कचरागाडीला घरगुती धोकादायक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे द्या.

वापरलेल्या हायपोत चांदी असते, तो ड्रेनेजमध्ये जाऊ नये. प्लास्टिकच्या बादलीत साठवा आणि त्यात सुतारकामाची बारीक लोखंडी लोकर सोडा. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी चालत नाही, तिच्यावर काहीच होत नाही. झाकण सैल ठेवा, कारण थोडा हायड्रोजन सुटतो. दोन दिवसांत लोखंड विरत जातं आणि काळा-करडा गाळ तळाशी बसतो, तीच चांदी. गाळ फडक्यातून गाळून, वाळवून डबीत ठेवा. एक-दोन रोलचा गाळ कोणी विकत घेत नाही, पण वर्षभराचा साठला की चांदी गाळणारे घेतात.